टीव्हीखालची घरघर आणि नवा पीसी

नवा पीसी जोडायची खाज सुटली की माणूस कारण शोधायला लागतो. 'गेम खेळायचेत' म्हटलं तर घरचे वाकड्या नजरेने बघतात. 'ऑफिसच्या कामासाठी' म्हणावं तर ऑफिसने लॅपटॉप दिलेलाच असतो. मग उरतं एक सोज्वळ कारण: टीव्हीखालचा तो डबा फार आवाज करतो हो, हॉलमध्ये बसवत नाही. याला कुणी हरकत घेत नाही, कारण आवाज सगळ्यांनाच ऐकू येत असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे कारण तपासल्याशिवाय पास करू नये. आवाज ही बहुतेक वेळा दोन-अडीच हजार रुपयांची आणि दोन शनिवारांची तक्रार असते. तिच्यावर तीस हजारांचा उतारा म्हणजे शुद्ध पळवाट. छंद म्हणून पीसी जोडा, खुशाल जोडा, मलाही आवडतं. पण मग त्याला छंदच म्हणा, दुरुस्ती म्हणू नका.

आता तुम्ही म्हणाल, आजच्या जमान्यात टीव्हीला पीसी लावतं कोण? स्मार्ट टीव्ही आहे, छोट्याशा स्टिका आहेत. बरोबर आहे. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये एक्सपीची खास 'मीडिया सेंटर' आवृत्ती काढली होती आणि २०१५ मध्ये विंडोज १० आणताना तो सगळा प्रकार गुंडाळून टाकला. दुसरीकडे पहिल्या एक्सबॉक्सवर हौशी मंडळींनी चालवायला घेतलेलं एक्सबीएमसी मात्र टिकलं, २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं, आणि अजूनही लोक ते वापरतात. का? कारण स्वतःच्या फायली. आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएसवरून उतरवलेली कॅसेट, आजोबांनी रेडिओवरून टेप केलेलं गाणं, सीडीवर घेतलेली आणि कुठल्याही ओटीटीवर न सापडणारी नाटकं. हे कुणी काढून घेत नाही, त्याचं सबस्क्रिप्शन संपत नाही, मधे जाहिरात येत नाही. आमच्याकडे असं जवळजवळ दीड टेराबाइट आहे.

आणि ते ज्या डब्यात होतं तो चौथ्या पिढीचा आय-५ असलेला, कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेला छोटा डेस्कटॉप. २०२१ मध्ये रिफर्बिश्ड घेतला, साडेनऊ हजारांत. कंपनीचं नाव घेत नाही, ऑफिसातल्या एसीत टेबलाखाली ठेवायला बनवलेल्या यंत्राला आपण हॉलमधल्या लाकडी कपाटात कोंबायचं आणि वर नावं ठेवायची, हे काही बरोबर नाही.

आवाजाने आमच्या घरात काय होत होतं ते मात्र सांगितलं पाहिजे, नाहीतर हे सगळं गॅजेटवाल्यांचे चोचले वाटतील. आमचे बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं होते. अशा दणदणाटात आयुष्य काढलं की कान आधी जातो तो ४,००० हर्ट्झच्या आसपास. ऑडिओग्रामवर तिथे चक्क खड्डा दिसतो. आणि स, श, त, फ अशी व्यंजनं एकमेकांपासून वेगळी कळायला लागणारा आवाज नेमका त्याच वरच्या पट्ट्यात असतो. म्हणजे माणसाला 'आवाज' येतो, शब्द लागत नाहीत. त्यात मागे सतत घरघर असली की उरलेसुरले शब्दही गेले. चांगल्या कानाचा माणूस गोंगाटातून बोलणं वेचून घेतो, अर्धवट कानाच्या माणसाला ते जमत नाही. श्रवणयंत्र थोडीफार मदत करतं, पण ते बोलण्याबरोबर पंख्यालाही मोठं करतं.

परिणाम काय, तर बाबा हॉलमध्ये बसेनासे झाले. आधी आवाज वाढवायला सांगायचे. मग शेजारच्यांचा विचार करून तेही सोडलं. जेवण झालं की मोबाईल घेऊन आतल्या खोलीत, कानाला हेडफोन. आई बाहेर एकटीच टीव्ही बघत बसायची. तिचं म्हणणं एकच होतं, "तो डबा विकून टाक नाहीतर नीट कर, पण यांना बाहेर आण."

माझ्यासमोर अर्थातच दोन्ही रस्ते होते. नव्या पीसीची एक्सेल शीट तर मी आईचं वाक्य पूर्ण व्हायच्या आतच उघडली असणार :) छोटा बोर्ड, कमी वॅटचा प्रोसेसर, रॅम, एसएसडी, पंखा नसलेली देखणी ॲल्युमिनियमची केस, सगळं मिळून ३१,४०० रुपये. ऑफिसातला एक मित्र पाठीशी उभाच होता. "अरे, जुन्या कपड्याला किती ठिगळं लावणार? नवीन घे आणि मोकळा हो." हाच मित्र स्टँडअपमध्ये कुणी 'हे मॉड्यूल नव्याने लिहू या' म्हटलं की टेबलावर चढून विरोध करतो. त्याच्याच तोंडून जोएल स्पोल्स्कीचा २००० सालचा तो प्रसिद्ध लेख आम्ही दहा वेळा ऐकलाय: नेटस्केपने चालता कोड फेकून सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं, १९९७ च्या चौथ्या आवृत्तीनंतर पाचवी आलीच नाही, एकदम २००० मध्ये सहावी आली, आणि तोवर बाजार हातचा गेला होता. सॉफ्टवेअरला लागू पडणारं शहाणपण हार्डवेअरचा विषय आला की कुठे जातं कोण जाणे.

नव्याने लिहिण्यातली खरी गोम ही असते की जुन्यात नक्की काय बिघडलंय हे आपल्याला कळलेलंच नसतं. आवाजाचंही तसंच. 'पीसी आवाज करतो' हा बग रिपोर्ट नव्हे. कुठला भाग? कुठल्या वेळी? कसला सूर? हे माहीत नसताना नवा पीसी आणला तर तो त्याच कपाटात, त्याच हवेत, त्याच फायली चालवत बसणार आणि सहा महिन्यांनी तसाच घरघरणार.

थोडं गणित सांगतो, उपयोगी आहे. डेसिबल हे लॉगरिदमचं माप. दहा डेसिबलने आवाज वाढला तर कानाला साधारण दुप्पट वाटतो. सारखाच आवाज करणाऱ्या दोन वस्तूंपैकी एक बंद केली तर फक्त तीन डेसिबल कमी होतात, म्हणजे जेमतेम जाणवेल एवढाच फरक. म्हणून चार ठिकाणी थोडंथोडं करण्यापेक्षा सगळ्यात मोठा आरडाओरडा करणारा आधी पकडायचा. पंख्याचं तर फारच सोयीचं आहे: फेरे निम्म्यावर आणले की आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. हवा मात्र निम्मीच होते, त्याहून कमी नाही. एवढा फायदेशीर सौदा दुसरीकडे मिळत नाही. त्यामुळे खरा प्रश्न 'पंखा कुठला घेऊ' हा नसतोच, 'पंख्याला एवढं पळायला कोण लावतंय' हा असतो.

मोबाईलवरच्या डेसिबल ॲपवर विसंबू नका. शांत खोलीत फोनच्या माइकचा स्वतःचाच गोंगाट मोजला जातो. पण आवाजाचा पट्टा दाखवणारं स्पेक्ट्रमचं ॲप फार कामाचं आहे, कारण यंत्र आपली ओळख सुरातून देतं. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, तेव्हा अशी हार्ड डिस्क १२० हर्ट्झला गुणगुणते. सात पात्यांचा पंखा ३,२०० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला ५३ फेरे गुणिले सात, म्हणजे ३७० च्या आसपास टोक दिसतं. आमच्या आलेखात ही दोन्ही टोकं पांढऱ्यावर काळं लिहिल्यासारखी उभी होती, आणि त्यांच्यामागे सगळ्या पट्ट्यात पसरलेला हवेचा सुसाट आवाज. बाबांच्या कानाला नडत होता तो मुख्यतः हा सुसाट.

खात्री करायची साधी पद्धतही आहे. केस उघडी ठेवून यंत्र चालू करायचं आणि कापूस गुंडाळलेली काडी पंख्याच्या मधल्या बोंडावर (पात्यांवर नाही) दोन सेकंद हलकेच टेकवायची. आवाज थांबला तर चोर सापडला. पॉवर सप्लायच्या पंख्याशी मात्र हे असले उद्योग करू नयेत. तो डबा उघडूही नये, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ झटका देऊ शकतात.

आमच्याकडे खरं निदान बाबांनी केलं. माझे आलेख बघून झाल्यावर ते उठले आणि त्यांनी टीव्ही युनिटच्या फळीवर नुसता तळहात ठेवला. मशीनला ठेवावा तसा. मग डब्यावर ठेवला, मग मागे हात घालून बघितला. "बेअरिंग नाही गेलेलं. हवा कोंडलीय. आणि हे लाकूड वाजतंय." तीस वर्षं प्रेससमोर उभा राहिलेला माणूस, ज्याला तो आवाज नीट ऐकूही येत नाही, त्याने हाताने वाचला.

टीव्ही युनिट हा आपल्याकडचा खास विषय आहे, त्याच्यावर थोडं थांबतो. सुताराकडून करून घेतलेलं, प्लायवूड आणि सनमायकाचं, मागून पूर्ण बंद, पुढे काचेचं दार. वायरींसाठी मागे एक पन्नास पैशाएवढं भोक. यात चाळीस-पन्नास वॅटची उष्णता सोडणारं यंत्र ठेवलं की ते स्वतःचीच गरम हवा परत परत ओढत बसतं. बाहेर खोलीत तीस अंश असतील तर आत बघता बघता चाळीस होतात. पंखा बिचारा पळणार नाही तर काय करणार? शिवाय ती पोकळ लाकडी पेटी म्हणजे तबलाच. डिस्कची १२० हर्ट्झची कंपनं फळीत उतरतात आणि अख्खी फळी त्या सुरात घुमते. इंग्रजीतले सगळे लेख 'अमुक पंखा घ्या, तमुक केस घ्या' सांगतात, कारण त्यांच्या घरात यंत्र उघड्या शेल्फवर असतं. आपलं यंत्र कपाटात कोंडलेलं असतं हे त्या लेखकांना कसं कळावं?

मी नुसता तो डबा युनिटमधून काढून वरच्या फळीवर मोकळ्या हवेत ठेवला आणि वीस मिनिटं पिक्चर चालू ठेवला. फेरे ३,२०० वरून २,४०० वर. खर्च शून्य रुपये. इथेच त्या ३१,४०० च्या शीटचा अर्धा जीव गेला.

पुढचं भराभर सांगतो. आत धुळीचं अक्षरशः नमदं जमलं होतं, हीटसिंकच्या पट्ट्यांमधून पलीकडचं दिसत नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईच्या ब्लोअरने उडवलं (पंख्याला बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते). मेट्रोने मंडईला उतरून तपकीर गल्लीत गेलो, थर्मल पेस्ट २२० रुपये, रबरी वॉशर ६०. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट खडूसारखी कोरडी पडली होती, पुसून नवी लावली. सुताराला बोलावून युनिटच्या पाठीत खाली एक आणि वर एक अशी हाताएवढी दोन भोकं पाडून घेतली, म्हणजे गार हवा खालून येईल आणि गरम हवा आपली आपण वर जाईल. त्याचे ५००. तो म्हणाला, "साहेब, आधी सांगितलं असतं तर करतानाच ठेवलं असतं." डब्याखाली जुन्या स्लिपरच्या तळव्याचे चार चौकोन कापून ठेवले. दिसायला गचाळ, पण आत आहेत, कोण बघतंय.

डिस्कचं काय करायचं यावर जरा विचार केला. तिला रबरावर टांगता येतं, पण आवाजावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे आवाज करणारी वस्तू दुसऱ्या खोलीत नेणं. जुन्या लॅपटॉपची एसएसडी पडून होती, ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यावर टाकली. मोठी डिस्क एका पॉवरवाल्या यूएसबी पेटीत (१,३५० रुपये) घालून पॅसेजमधल्या राऊटरला लावली. राऊटरच्या यूएसबीचा वेग बेताचाच असतो, पण फुल एचडी पिक्चरला सेकंदाला दहा-पंधरा मेगाबिट पुरतात, तेवढं त्याला सहज जमतं. ४के ब्लू-रेच्या मूळ प्रती मात्र १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतात, तिथे राऊटरचा १०० चा पोर्ट अडेल. आमच्याकडे त्या नाहीत. १२० हर्ट्झचं ते टोक आलेखातून गायब झालं.

उरलेला पळापळीचा भाग सॉफ्टवेअरचा होता, आणि आपल्या धंद्यातल्या माणसांना नेमकं हेच सुचत नाही याची गंमत वाटते. २०१३ च्या सुमाराच्या या प्रोसेसरला एच.२६४ हार्डवेअरमध्ये उलगडता येतं, त्यात त्याला काही कष्ट पडत नाहीत. दहा बिटांचं एचईव्हीसी किंवा एव्ही१ समोर आलं की सगळं काम प्रोसेसरच्या चार कोअरवर येतं आणि पंखा धावायला लागतो. यूट्यूब तर ब्राउझरला जमतंय म्हटल्यावर नव्या फॉरमॅटमध्येच व्हिडिओ पाठवतं. ब्राउझरचं एक चिमुकलं एक्स्टेंशन टाकून त्याला एच.२६४ द्यायला लावलं. त्यात १०८० च्या वर मिळत नाही, पण आमचा टीव्हीच १०८० चा आहे. आईबाबा परत परत बघतात अशा तीसेक फायली एफएफएमपेगने रात्रभरात बदलून ठेवल्या. थोड्या फुगल्या, फुगू देत. लायब्ररीची थंबनेलं बनवायचं काम कुणा महाभागाने रात्री आठला लावून ठेवलेलं असतं, ते दुपारी दोनवर नेलं. आणि प्रोसेसरचा टर्बो बंद केला. नाटक बघायला टर्बो कशाला हवा? टर्बोत व्होल्टेजही वाढतं आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढते, म्हणून थोडा वेग सोडला तर बरीच गरमी सुटते.

पंख्याला हात लावावाच लागला नाही. ऑफिसच्या यंत्रांच्या बायोसमध्ये बरेचदा पंख्याचा वेग ठरवायची सोयही नसते, आणि वेगळा हळू पंखा लावला तर काही यंत्रं सुरू होतानाच 'पंखा बिघडलाय' म्हणून अडून बसतात. आता संध्याकाळी तो १,५०० फेऱ्यांवर असतो. गणिताने सोळा डेसिबलची उतरण. पण माझ्या मते आकड्यापेक्षा मोठा फरक असा, की तो आता *एकाच* वेगाने फिरतो. सतत चढणारा-उतरणारा आवाज हा त्याहून मोठ्या पण स्थिर आवाजापेक्षा जास्त छळतो. रस्त्यावरच्या रहदारीला आपण कान देत नाही आणि डब्याने जरा सूर बदलला की मान वळते.

एकूण खर्च २,१३० रुपये. टीव्हीचा आवाज ३८ वर ठेवावा लागायचा तो २४ वर आलाय. बाबा जेवण झाल्यावर बाहेर बसतात. रोज नाही, क्रिकेट असलं की मोबाईलच बरा म्हणतात, पण नाटक असलं की असतात.

आता दुसरी बाजू. तिच्यातही तथ्य आहे, पण तिच्या बाजूने जे मुद्दे नेहमी मांडले जातात त्यांत मात्र फारसं नाही.

पहिला मुद्दा विजेचा. "नवा पीसी किती वीज वाचवतो माहितीये का?" माहितीये, मोजलंय. आमचा डबा रिकामा बसलेला असताना २५ वॅट खातो, एन१०० सारखा नवा छोटा प्रोसेसर असलेला ८ धरू. फरक १७ वॅट. रोज चार तास वापर, म्हणजे वर्षाला २५ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर २५० रुपये. ३१,४०० वसूल व्हायला फक्त सव्वाशे वर्षं :) चोवीस तास चालू ठेवत असाल तर एकवीस वर्षं. आणि चोवीस तास चालू ठेवत असाल तर रात्री बंद करा ना राव.

दुसरा मुद्दा पंखा नसलेल्या केसचा. ही हौस जुनी आहे. ॲपलने २००० मध्ये पॉवर मॅक जी४ क्यूब काढला होता, पंख्याशिवाय, नुसत्या वर जाणाऱ्या हवेवर थंड होणारा. फार देखणा, आणि वर्षभरात बंद. आजचे प्रोसेसर त्या मानाने खूपच थंड आहेत, त्यामुळे पंख्याशिवाय चालतं हे खरं. पण बिनपंख्याच्या केसमध्ये तापमान खोलीच्या *वर* किती चढतं एवढंच केस ठरवते. हॅम्बुर्गमध्ये बावीस अंशांच्या खोलीत केलेली चाचणी आमच्या हॉलला एप्रिल-मेमध्ये लागू नाही, इथे पस्तीस-छत्तीस असतात. नागपूर-अकोल्याच्या वाचकांनी तर तो नाद सोडावाच. सरळ चौदा अंश जास्तीचे, तेही बंद कपाटात. शिवाय बिनपंख्याचं म्हणजे बिनआवाजाचं नव्हे, वेटोळ्यांची बारीक किणकिण पंखा गेल्यावरच ऐकू येते. माझ्या मते आपल्या हवेत एकच मोठा, आळशी पंखा बरा. १२० मिलिमीटरचा पंखा सहाशे फेऱ्यांत जेवढी हवा हलवतो तेवढी हलवायला चाळीस मिलिमीटरच्या पंख्याला शिट्टी वाजवावी लागते.

यात छताच्या पंख्याचं एक वेगळंच राजकारण आहे. उन्हाळ्यात तो चारवर असतो, त्याच्या आवाजात डबा लपून जातो, जरी उष्म्याने डबा जास्त ओरडत असला तरी. डिसेंबरमध्ये छताचा पंखा बंद होतो आणि डबा उघडा पडतो. म्हणजे आवाज उन्हाळ्यात, तक्रार हिवाळ्यात. नव्या पीसीचे बेतही म्हणूनच थंडीत शिजतात का, कुणी बघायला हवं.

मग नवा घ्यावा कधी? टीव्ही ४के झाला की. तेव्हा आमच्या या डब्याला कुठलीही साफसफाई वाचवणार नाही, कारण अडचण आवाजाची नसेलच, उलगडायच्या ताकदीची असेल. इंटेलच्या चिपमध्ये दहा बिटांचं एचईव्हीसी सातव्या पिढीपासून आलं, एव्ही१ अकराव्या पिढीपासून, २०२० मध्ये. २०२३ चा एन१०० हे दोन्ही करतो आणि त्याचं नेमून दिलेलं प्रमाण सहा वॅट आहे. रास्पबेरी पाय ४ ला (२०१९) ४के एचईव्हीसी जमतं, पाय ५ ने (२०२३) एच.२६४ चं हार्डवेअर काढून टाकलं तरी त्याचा प्रोसेसर ते काम निभावून नेतो. पायचा आणखी एक गुण कुणी सांगत नाही: त्याला एचडीएमआयमधून टीव्हीचाच रिमोट चालतो. पीसीच्या एचडीएमआयला ही सोय सहसा नसते. आईच्या दृष्टीने हा एकच मुद्दा गिगाहर्ट्झ-बिगाहर्ट्झपेक्षा भारी आहे.

पण लक्षात घ्या, यातलं काहीही 'जोडावं' लागत नाही. तळहाताएवढं तयार यंत्र मिळतं. सुटे भाग निवडून, केबला वळवून, रविवार घालवून टीव्हीखाली स्वतः बांधलेला पीसी ठेवणं हे मुंज-लग्नासारखं हौसेचं काम आहे, त्याला गरजेचा टिळा लावायचं कारण नाही. आणि एवढं करूनही त्याच्यावर ओटीटीचं ४के मिळेल अशी आशा नको. लिनक्सवर तर नाहीच, कारण त्या कंपन्यांना हवी ती हार्डवेअरची कुलपं तिथे नसतात. ते टीव्हीवरच बघावं लागतं.

फेकलेल्या डब्याचं काय होतं हाही एक प्रश्न आहेच. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात उत्पादकांवर जबाबदारी आहे, सगळं आहे. प्रत्यक्षात आमच्या सोसायटीत जुना मॉनिटर अजून भंगारवाल्याच्या हातगाडीवरूनच जातो. चालतं यंत्र त्या गाडीवर चढवायला माझा तरी हात होत नाही. असो, तो वेगळ्या शनिवारचा विषय.

शीट अजून माझ्याकडे आहे. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढले तेव्हा सहज उघडून बघितली, एका ओळीनेच बेरीज कुठल्या कुठे गेली होती. मित्राला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "थांबू या जरा."

सध्या रात्री साडेनऊला, नाटकातली दोन माणसं बोलायची थांबली की, हॉलमध्ये स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर स्पष्ट ऐकू येतो. आधी कधी आला नव्हता. बाबांनी परवा त्याच्यावर हात ठेवून बघितला, मागचे पाय समान नाहीत म्हणाले. स्लिपरचा दुसरा तळवा शिल्लक आहे.